बंद भट्टीचं भाडं

जून लागला की बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या वीटभट्ट्या थंड होतात. कच्ची वीट पावसात टिकत नाही, जळण ओलं होतं, आणि लॉरी भट्टीपर्यंत गेली तरी चिखलातून बाहेर निघेल याची खात्री नसते. माझ्या मामांची भट्टीही मेअखेर बंद होते. कामगार आपापल्या गावी जातात आणि मामा गुंजीच्या घरी सोप्यात बसून वर्षाचा हिशेब लावतात. बाहेर पाऊस, आत वह्या, मधूनच लोंढ्याकडं जाणाऱ्या गाडीची शिट्टी. मी पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. पावसाळ्यात जमेल तितके दिवस गुंजीतूनच काम करतो. त्यामुळं या हिशेबाला माझी हजेरी असते, आणि यंदा तर मी आरोपीच होतो.

गौरी-गणपती उरकले होते. मामांनी वहीत बोट ठेवलं.

"जुलै, एकोणीसशे सत्तेचाळीस. ऑगस्ट, एकोणीसशे सत्तर. हे काय रे?"

"सर्व्हरचं बिल, मामा."

"सर्व्हर तू बंद केलास म्हणालास की. मृग निघाला त्या दिवशी."

"केला."

"मग बंद यंत्राचं बिल कसलं? आणि ते बंद राहूनही वाढतंय कसं?"

दोन वर्षांपूर्वी मी मामांना भट्टीच्या हिशेबाचा एक प्रोग्रॅम करून दिला. कुठल्या लॉरीत किती हजार विटा गेल्या, कुणाची किती उचल झाली, कोण किती देणं लागतो. शिवाय भरलेल्या प्रत्येक लॉरीचा फोटो, कारण गोव्यात माल उतरला की "इतक्या विटा फुटक्या निघाल्या" हा वाद ठरलेला. हे सगळं चालतं मुंबईतल्या एका भाड्याच्या सर्व्हरवर. कंपनी कुठली ते सांगत नाही. चूक माझी होती, आणि नियम सगळीकडं थोड्याफार फरकानं तेच आहेत.

"वाढलं ते डॉलरमुळं," मी म्हटलं. "बिल डॉलरात आहे. दोन्ही महिन्यांचे डॉलर तेवढेच, बावीसच्या वर थोडे. रुपया घसरला."

"ते सोड. बावीस तरी कशाचे?"

मी लॅपटॉप फिरवून दाखवला. मामांना वीज कंपनीचं, हेस्कॉमचं, कन्नड बिल वाचता येतं; ते कुणी शिकवलं नाही, दर महिन्याला बघून बघून आलं. हे बिलही ते तसंच वाचायला लागले: शब्द सोडून आकड्यांवरून. तीन ओळी होत्या. डिस्कचे नऊ डॉलर, जुन्या प्रतींचे सहा, पत्त्याचे पावणेचार. वर १८ टक्के जीएसटी. तोही वाया, कारण खातं माझ्या नावावर काढलेलं, त्यावर भट्टीचा जीएसटी नंबरच नाही.

"यात यंत्र कुठं आहे?"

"यंत्राची ओळ शून्य आहे. चालू असताना त्याचे ताशी साडेचार सेंट पडतात, महिन्याला तेहतीस डॉलरच्या आसपास. बंद केलं तसं ते थांबलं. पण डिस्क आपल्या नावावर आहे ना, शंभर जीबीची. ती दुसऱ्या कुणाला देता येत नाही."

मामा थोडा वेळ गप्प बसले. मला वाटलं, आता "लूट" हा शब्द येणार. पण ते म्हणाले, "म्हणजे जागेचा खंड. भट्टी बंद असली म्हणून शेतमालक खंड सोडतो होय? गडी गावाला गेले, त्यांची मजुरी नाही. विटा रचल्यात ती जागा मात्र आपल्याकडंच, तिचा खंड बारा महिने."

पुण्यात नव्या मुलांना हाच फरक समजावताना मी फळ्यावर चौकटी काढतो. इथं चौकट लागली नाही.

"मग तू ते पहिल्या दिवशी काय म्हणाला होतास? वापराल तेवढंच भरा."

"जाहिरातीत तसंच असतं."

"जाहिरात खोटी आहे. वापराल तेवढं नव्हे, अडवाल तेवढं. शंभरातली जागा वापरलीस किती?"

"बावीस जीबी."

"आणि खंड शंभराचा."

"होय."

"मग अठ्ठ्याहत्तर सोडून दे की उद्या."

"सोडता येत नाही. ही डिस्क वाढवता येते, कमी करता येत नाही. कमी हवी तर नवी लहान घ्यायची, सगळं तिकडं हलवायचं, मग जुनी सोडायची."

"हे मात्र कुठल्या शेतमालकानं अजून केलेलं नाही," मामा म्हणाले, आणि मामींना चहाची हाक दिली.

दुसरी ओळ जुन्या प्रतींची. दर रविवारी डिस्कची एक नक्कल आपोआप निघावी अशी सोय मी केली होती, आणि त्या नकला पुसायची सोय करायला विसरलो होतो. पहिली नक्कल पुरी असते, पुढच्यांत फक्त बदललेलं येतं, म्हणून एकेक नक्कल किरकोळ दिसते. साठून त्या मूळ मालापेक्षा मोठ्या झाल्या. मामांनी यावर काही विचारलं नाही. त्यांच्या माळ्यावर १९९० पासूनच्या वह्या आहेत.

पत्त्याची ओळ मात्र त्यांना पटेना. "पत्त्याला पैसे? घर नंबराला ग्रामपंचायत महिन्याला पैसे मागते काय?"

"इंटरनेटवरचे जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून सुमारे ४३० कोटीच आहेत. ते केव्हाच वाटून संपले. आता ज्याच्याकडं आहेत तो विकतो किंवा भाड्यानं देतो. ॲमेझॉननं १ फेब्रुवारी २०२४ पासून असल्या प्रत्येक पत्त्याला ताशी अर्धा सेंट लावला, वापरा नाहीतर ठेवून द्या. बाकीच्यांचंही कमीजास्त तेच."

"म्हणजे प्लॉटच झाले. बेळगावात टिळकवाडीला मिळत नाहीत तसे."

यानंतर मामांनी मूळ मुद्दा काढला. तो त्यांच्या मनात दोन वर्षं होता. त्यांचं म्हणणं, भाड्याचा धंदाच मुळात नको. माळ्यावर माझा कॉलेजचा जुना कॉम्प्युटर धूळ खात पडलाय. तो उतरवायचा, देवघराशेजारच्या कपाटात ठेवायचा, चालू करायचा. घरचं यंत्र, घरची जागा, डॉलर नाही आणि खंड नाही.

"लाईट?" मी विचारलं.

"सरकारच्या गृहज्योतीत बिल शून्य येतंय आपलं."

इथं माझी बाजू जरा भक्कम होती. "तो कॉम्प्युटर साठ वॅट खातो म्हणा. दिवसरात्र चालला तर महिन्याला त्रेचाळीस युनिट. गृहज्योती म्हणजे सरसकट २०० युनिट फुकट नव्हे. योजना येण्याआधीच्या वर्षाची तुमची सरासरी, त्यावर १० टक्के, तेवढंच फुकट. त्रेचाळीस युनिट त्या १० टक्क्यांत बसत नाहीत. वरच्याचे पैसे लागणार. आणि कधी २०० ओलांडलं तर अख्खं बिल अंगावर."

"हे तुझ्या त्या फुकट वर्षासारखंच झालं की."

मामांची आठवण पक्की आहे. सुरुवातीचं वर्ष सर्व्हर फुकटात चालला होता, कारण नव्या गिऱ्हाइकाला तशी सवलत होती. ॲमेझॉनची पूर्वीची सवलत अशीच प्रसिद्ध होती: बारा महिने, महिन्याला ७५० तास, एक छोटं यंत्र. एकतीस दिवसांचे तास होतात ७४४, म्हणजे एक यंत्र पुरा महिना फुकट. दोन लावली तर पंधरवड्यात तास संपले. आणि तेराव्या महिन्यात कुणी दार वाजवून सांगत नाही, फक्त बिल येतं. जुलै २०२५ पासून नव्या खात्यांना त्यांनी तासांऐवजी डॉलरांची ठेव द्यायला सुरुवात केली, जास्तीत जास्त दोनशे. ठेव संपली की कळतं तरी. मला ही पद्धत बरी वाटते.

मी पुढं बोलणार तोच लाईट गेली. खानापूरच्या जंगलपट्ट्यात पावसाळ्यात एक फांदी तारेवर पडली की लाईटचं काही सांगता येत नाही. मामींनी चार्जिंगचा दिवा आणून ठेवला.

"हे उत्तर मी द्यायच्या आत हेस्कॉमनं दिलं," मी म्हटलं. मामा हसले नाहीत.

"पावसाळ्यात भट्टी बंदच असते. डिसेंबरात लाईट असते."

हेही खरं होतं.

मग मी मोठं उदाहरण काढलं. १९ नोव्हेंबर २०२३, अहमदाबादचा विश्वचषकाचा अंतिम सामना. हॉटस्टारवर एका वेळी ५.९ कोटी लोक बघत होते. ते चालतं भाड्याच्या यंत्रांवर. सामन्यापुरती वाढवायची, माणसं उठली की कमी करायची. तेवढी यंत्रं विकत घेतली असती तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं करायचं काय?

"ते लग्न झालं," मामा म्हणाले. "लग्नाला मांडव भाड्यानंच आणतात. पण रोज राहायच्या घराला कुणी मांडव घालतो काय? आपली भट्टी रोजची. रोज वीस-बावीस लॉऱ्या, तेवढेच फोटो, तीच माणसं."

आणि मला कबूल करावं लागलं की जगातही काही जणांनी हाच हिशेब केलाय. थर्टीसेव्हन सिग्नल्स म्हणून एक अमेरिकन सॉफ्टवेअर कंपनी आहे. तिनं २०२२ साली भाड्याच्या सर्व्हरवर ३२ लाख डॉलर घातले. मालकांनी पाहिलं, आपला भार रोजचा, ठरलेला. त्यांनी सुमारे सात लाख डॉलरची यंत्रं विकत घेतली, दुसऱ्याच्या इमारतीत नेऊन ठेवली, आणि दोन वर्षांत वर्षाचं भाडं १३ लाखांवर आणलं.

"बघ."

"पण त्यांच्याकडं ती यंत्रं सांभाळायला पगारी माणसं आधीच होती, मामा. इथं कपाटातला कॉम्प्युटर बंद पडला की मी पुण्याहून रात्रीची गाडी पकडायची."

"तेवढ्या निमित्तानं येशील तरी," आतून मामी म्हणाल्या. या मुद्द्याला माझ्या क्षेत्रात अजून उत्तर नाही.

भाड्याचेही प्रकार असतात, हे मामांना सांगायला मला फार बोलावं लागलं नाही. भट्टीवर ते तिन्ही आहेत. रोजंदारीचा गडी: आज घ्या, उद्या सोडा, दर पुरा. उचल देऊन बांधलेला: वर्षाचं किंवा तीन वर्षांचं वचन द्यायचं, ७२ टक्क्यांपर्यंत सूट मिळते, पण काम असो नसो पैसे लागू. आणि तिसरा नाक्यावरचा, फार स्वस्त, नव्वद टक्क्यांपर्यंत कमी. मात्र कंपनीला तेच यंत्र दुसरीकडं लागलं की तो उठून जातो. ॲमेझॉन अशा यंत्राला दोन मिनिटांची सूचना देतं.

"दोन मिनिटांत आमचा गडी तंबाखू मळून होत नाही," मामा म्हणाले. "आपल्याला उचल कशी काय चालेल? हंगाम सहा महिन्यांचा आणि वचन वर्षाचं. सूट निम्म्यावर गेली तरच पुरतं. वर्षाच्या वचनाला तेवढी मिळते?"

मिळत नाही. पुऱ्या ७२ टक्क्यांसाठी तीन वर्षांचं वचन द्यावं लागतं, आणि वर्षाच्या वचनावरची सूट सहसा निम्म्याच्या अलीकडंच राहते. हे गणित मी दोन वर्षांत केलं नव्हतं.

वेळ कसा मोजतात यावर मात्र मामांनी मला बराच वेळ धरून ठेवलं, कारण ट्रॅक्टरवाल्याशी त्यांचं दरवर्षी त्यावरून होतं: तास घरातून निघाल्यापासून धरायचा, की फाळ जमिनीला लागल्यापासून? मी सांगितलं की २००६ साली ॲमेझॉननं यंत्रं भाड्यानं द्यायला सुरुवात केली तेव्हा छोट्या यंत्राला ताशी दहा सेंट होते, आणि एकसष्ट मिनिटं चालवलं तर दोन तासांचे पैसे. २ ऑक्टोबर २०१७ पासून मोजणी सेकंदावर आली. पहिलं मिनिट मात्र पुरं धरतात.

"सेकंदावर?" मामा सरसावून बसले. "मग मला सांग, भट्टीवर पहिली लॉरी पहाटे पाचला लागते. संध्याकाळी आठनंतर तो तुझा प्रोग्रॅम कोण बघतो?"

"कुणी नाही."

"रात्रभर चालू असतो?"

"असतो."

"का?"

मी उत्तर शोधलं. खरं उत्तर असं की कंपनीत आम्ही जे सर्व्हर सांभाळतो ते कधीच बंद होत नाहीत, आणि तीच सवय मी भट्टीवर आणली होती. रात्री आठ ते पहाटे पाच, चोवीसातले नऊ तास. महिन्याच्या तेहतीस डॉलरमधले बारा. सेकंदाची मोजणी आली तिला इतकी वर्षं झाली, आणि वीटभट्टीच्या रात्रीला ती लावायचं माझ्या डोक्यात आलं नाही.

"आणि ते यंत्र केवढं आहे म्हणालास?"

"चार जीबी मेमरीचं."

"दिवसभर किती चालतं?"

मी आलेख काढला. हिरवी रेघ तळाशी पडून होती, तीन टक्के, चार टक्के, दुपारी एकदा सात.

"हजार विटांना दहा चाकी लॉरी मागवलीस," मामा म्हणाले. रागानं नव्हे; लॉरीचा आकार चुकणं त्यांच्या धंद्यात रोजचं असतं.

मी बचाव केला. ठरलेल्या मासिक भाड्याच्याही कंपन्या असतात, लहान यंत्र महिन्याला चार-पाच डॉलरमध्ये. डिजिटल ओशनचं बंगळूरूला केंद्र आहे. महिन्याची रक्कम आधी कळते. पण तिथं यंत्र नुसतं बंद करून ठेवलं तर भाडं तेवढंच चालू राहतं, कारण मेमरी आणि जागा त्यांनी आपल्यासाठी धरून ठेवलेली. काढूनच टाकावं लागतं.

"तेही अडवण्याचंच," मामा म्हणाले. त्यांना आता एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागताना दिसत होती, आणि मला ती काढून घेता येत नव्हती.

एका कुलपाला ती लागली नाही. सर्व्हरकडं माल पाठवायला पैसे नाहीत. सर्व्हरकडून बाहेर जायला आहेत. मुंबईतून बाहेर एक जीबी गेला की साधारण अकरा सेंट, आणि महिन्याचे पहिले शंभर जीबी ॲमेझॉनकडं माफ. भट्टीचे फोटो त्या माफीतच संपतात, म्हणून आमच्या बिलात ही ओळ कधी आली नाही. पण व्हिडिओचा धंदा करणाऱ्यांचं कंबरडं इथंच मोडतं.

"जकात नाका," मामा म्हणाले. "फक्त उलटा. आपल्याकडं माल गावात शिरताना घ्यायचे."

"आणि दुकान बदलायचं म्हटलं तर सगळा माल त्याच नाक्यावरून. युरोपनं त्यावर कायदा आणला. मग २०२४ च्या सुरुवातीला गूगल, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट तिघांनी कायमचं सोडून जाणाऱ्यांना ही जकात माफ केली."

"सरकारनं डोळे वटारले म्हणून," मामा म्हणाले, आणि तो विषय तिथंच मिटला.

लाईट आली. राऊटरचे दिवे लुकलुकले. मामांनी विचारलं, बिल एका रकमेवर गेलं की सगळं आपोआप थांबेल असं काही नाही काय? हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि उत्तर ऐकून प्रत्येकाचा चेहरा तसाच होतो. सूचना येते, ईमेल येतो. यंत्र थांबत नाही. ते थांबवायचं असेल तर तशी वेगळी व्यवस्था आपणच बांधायची. शिवाय हिशेब तिकडं काही तास मागं असतो, त्यामुळं सूचनाही शिळी. कार्डावरून १५,००० च्या वर आपोआप जात नाही, ओटीपी लागतो, हा रिझर्व्ह बँकेचा नियम. पण ओटीपी दिला नाही म्हणून उधारी मिटत नाही.

"राखणदार ओरडतो, दार लावत नाही," असं म्हणून मामांनी चष्मा पुसला.

त्या रात्री आम्ही दोघांनी बसून काम उरकलं. फोटो दुसऱ्या प्रकारच्या साठ्यात हलवले, जिथं खरोखरच जेवढं ठेवाल तेवढ्याचेच पैसे: बावीस जीबीला पंचावन्न सेंट. दहा जीबीची नवी डिस्क घेतली. पत्ता सोडला; डिसेंबरात नवा मिळेल. नकला पुसताना मामांनी प्रत्येक वेळी "यात काय आहे?" असं विचारलं, आणि फोंड्याच्या एका ठेकेदाराच्या लॉरीचा फोटो ज्यात होता ती नक्कल पुसू दिली नाही. फोटो दुसरीकडं सुरक्षित आहे हे मी तीनदा सांगितलं. ती नक्कल अजून आहे.

शेवटी त्यांनी वही ओढली. 'जागेचा खंड' या मथळ्याखाली दोन शेतमालकांची नावं होती, पुढं रक्कम, पुढं गाव. तिसरी ओळ त्यांनी आखली.

"मालकाचं नाव काय घालू?"

मी कंपनीचं नाव सांगितलं. त्यांनी ते मराठीत, जसं ऐकू आलं तसं लिहिलं.

"गाव?"

"मुंबई लिहा. यंत्रं तिथं आहेत."

"यंत्रं तिथं. मालक कुठला?"

"अमेरिकेचा."

"खंड द्यायला भेटायचं कुठं?"

"भेटायचं नसतं, मामा."

त्यांनी पेन टोपणात घातलं. गावाचा रकाना मोकळाच राहिला.